गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजली आहे. गुठळीचा संशय केव्हा घ्यावा?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझ्या आईचे वय ६६ वर्षे आहे. तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया होऊन आज १७ दिवस झाले. ती साताऱ्याला असते; मी नोकरीसाठी पुण्यात राहते आणि सध्या रजा घेऊन तिच्याजवळ आले आहे. पहिले १० दिवस गुडघ्याभोवती सूज होती, पण ती रोज थोडी थोडी उतरत होती आणि वॉकर धरून आई स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येत होती. परवापासून मात्र गुडघ्यापेक्षा पोटरीच जास्त सुजलेली दिसते. काल रात्री पोटरीत गोळा आल्यासारखे दुखत होते, असे तिने सकाळी चहा घेताना सांगितले. नेहमीचा गोळा पाच-दहा मिनिटांत सुटतो, हा रात्रभर सुटला नाही. पायमोजे काढले तेव्हा उजव्या घोट्याच्या वर मोज्याच्या कडेची खोल खूण उमटलेली दिसली, डाव्या पायावर ती जवळजवळ नव्हती. हात लावला तर उजवी पोटरी डावीपेक्षा किंचित ऊन लागते. आई सावळी आहे, त्यामुळे लाली आली आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. कातडी ताणल्यासारखी चकाकते एवढे मात्र नक्की. ताप नाही, जखम कोरडी आहे.

रक्त पातळ होण्याची गोळी शस्त्रक्रियेनंतर १४ दिवस घ्यायची होती, ती तीन दिवसांपूर्वी संपली. आमची मावशी म्हणते की ऑपरेशननंतर रक्त खाली उतरतेच, गरम तेलाने पाय चोळला की दोन दिवसांत हलका होईल, आणि ती आज संध्याकाळी चोळायला येणार आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीसाठी गुरुवार दिला आहे, आज सोमवार आहे. शस्त्रक्रिया झालेला पाय सुजणारच, हे मला समजते. पण भरून येतानाची सूज कोणती आणि शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची सूज कोणती, हे घरातल्या माणसाने कशावरून ओळखावे? गुरुवारपर्यंत थांबले तर चालेल का?


उत्तर : जुना फिजिशियन

प्रथम सर्वांत तातडीचे सांगतो. गुरुवारपर्यंत थांबू नका आणि आज संध्याकाळी पाय चोळू देऊ नका. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून तुम्ही इथे लिहिले आहे तेच शब्दशः सांगा, आणि आजच पायाच्या शिरांचा डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. तुमच्या वर्णनातील तीन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. उतरत आलेली सूज पुन्हा चढली आहे, ती गुडघ्यावरून पोटरीकडे सरकली आहे, आणि हे सारे गोळी थांबल्यानंतर लगेच घडले आहे.

आता कारण सांगतो, म्हणजे मावशींनाही समजावता येईल. पायातले रक्त हृदयाकडे परत जाताना चढण चढत जाते. त्याला वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात, त्यांच्या मधून जाणाऱ्या खोल शिरा दाबल्या जातात आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला माघारी येऊ देत नाहीत. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंप थांबतो आणि रक्त साचून राहते. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने गुठळी होण्याची तीन कारणे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवली जातात : रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात. (फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा, त्याच तारखेला आता जागतिक थ्रॉम्बोसिस दिन पाळला जातो.)

मावशींचे म्हणणे निराधार नाही, हेही सांगायला हवे. शस्त्रक्रियेच्या जागेचे रक्त कातडीखालून खरोखरच खाली उतरते आणि पोटरीवर, घोट्यावर निळे-पिवळे डाग पडतात. ते डाग दिसायला भयंकर आणि स्वभावाने निरुपद्रवी असतात. भरून येणाऱ्या पायाची सूज साधारणपणे पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते, तिचा केंद्रबिंदू गुडघा असतो, रात्रभर पाय उंच ठेवल्यावर ती सकाळी कमी दिसते, आणि आठवड्यामागून आठवडा ती उतरणीलाच लागलेली असते. गुठळीची सूज सकाळीही तशीच राहते. पाय जड, भरल्यासारखा वाटतो, पोटरीच्या आत खोलवर, एखाद्या रेषेवर दाबल्यासारखे दुखते, उभे राहिल्यावर ते वाढते, आणि नडगीवर बोट दाबून उचलले तर पडलेला खळगा लवकर भरत नाही. काही वेळा कातडीवर पूर्वी न दिसणाऱ्या बारीक शिरा फुगून दिसू लागतात, कारण खालचा मोठा रस्ता बंद झाल्यावर रक्त गल्लीबोळांतून वाट काढते. लालीची वाट पाहू नका. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहसा नीट दिसत नाही. तिथे कातडी अधिक गडद, जांभळट किंवा तुम्ही म्हणता तशी चकाकती दिसते, आणि त्यापेक्षाही आपल्या हाताच्या पाठीला लागणारा ऊबदारपणा अधिक भरवशाचा असतो.

घरी एक मोजमाप करता येते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या वरच्या टोकाला जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण करा आणि शिलाईची मोजपट्टी न आवळता त्या जागी पोटरीचा घेर मोजा. दोन्ही पायांत ३ सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक असेल, तर आम्ही ते संशय वाढवणारे चिन्ह मानतो. पण फरक दोन सेंटिमीटरच भरला म्हणून डॉपलर टाळू नका. हे माप डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे, डॉक्टरांऐवजी वापरण्यासाठी नाही. तसेच पाऊल वरच्या दिशेने ताणून पोटरी दुखते का ते पाहण्याची जुनी पद्धत पुष्कळांच्या ऐकिवात असते. ती करू नका. गुठळी असूनही दुखत नाही आणि नसताना दुखते, असे तिच्यात इतक्या वेळा होते की आम्ही तिच्यावर विसंबणे कधीच सोडले आहे.

चोळण्याविषयी मी आग्रहाने लिहितो आहे, कारण शिरेच्या भिंतीला नुकतीच चिकटलेली गुठळी मऊ असते. तिचा तुकडा सुटला तर तो मांडीच्या शिरेतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. म्हणून पायाइतकेच लक्ष छातीकडे ठेवा. अचानक दम लागणे, खोल श्वास घेताना छातीत सुई टोचल्यासारखी कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, हृदयाची धडधड वाढणे, डोळ्यांसमोर अंधारी येऊन घेरी येणे, यांपैकी एकही गोष्ट घडली तर डॉपलरची वेळ, डॉक्टरांचा फोन, काहीही पाहत न बसता १०८ ला फोन करा. संपूर्ण पाय ताणून सुजून निळा-जांभळा पडला आणि वेदना असह्य झाल्या, तरीही तेच करा.


उत्तर : शेवंती

फिजिशियन साहेबांनी चोळण्याबद्दल लिहिले आहे ते वाचून मला माझे बाळंतपण आठवले. कदाचित कुणा बाळंतिणीला उपयोग होईल म्हणून लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी सिझेरियन होऊन मी सांगली जिल्ह्यातल्या माहेरी आले. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतीण बाजेवरून उतरत नाही. खाली शेगडीचा शेक, डोक्याला रुमाल, आणि पाणी बेताचे, कारण जास्त पाणी प्यायले तर पोट सुटते असे सगळ्यांचे मत. टाक्यांमुळे मलाही हलावेसे वाटत नव्हते. अकराव्या दिवशी डाव्या पायातले पैंजण रुतायला लागले. दोन्ही पैंजण एकाच मापाची. उजव्या पायातले नेहमीसारखे घोट्यावर खाली-वर होत होते आणि डाव्या पायातल्यात करंगळीही शिरत नव्हती. मी आईला दाखवले. बाळंतपणाची सूज आहे, सगळ्यांनाच येते, असे ती म्हणाली, आणि मलाही ते पटले, कारण सातव्या महिन्यापासून पाय सुजतच होते. ते दोन्ही सुजत होते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. डाव्या जांघेत आणि कमरेच्या डाव्या बाजूला दुखत होते, तेही मी टाक्यांवर ढकलले.

मला ज्यांनी वाचवले त्या आमच्या मालिशवाल्या आजी. चाळीस वर्षे बाळंतिणींना तेल लावलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उजवा पाय चोळला, डाव्या मांडीला हात लावला आणि हात काढून घेतला. "हा पाय हाताला निराळा लागतोय, मी दाबणार नाही. आधी दवाखान्यात दाखवा," असे म्हणून त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. जिथे पहिल्यांदा दाखवले तिथे लघवी जास्त होण्याची गोळी देऊन पाय उशीवर ठेवायला सांगितले, त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत जांभळट झाला तेव्हा मिरजेला डॉपलर केला. मांडीपासून जांघेच्याही वरपर्यंत गुठळी होती.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, कारण बाळंतपणात होणारा रक्तस्राव थांबावा अशी ती शरीराची योजना असते, आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. म्हणजे नेमका तोच सव्वा महिना, ज्यात आपण तिला झोपवून ठेवतो आणि पाणी तोडतो. दुसरे असे की अशा गुठळ्या डाव्या पायात पुष्कळच जास्त होतात, कारण ओटीपोटात उजवीकडची धमनी डावीकडच्या शिरेवरून ओलांडून जाते आणि तिला मागच्या मणक्यावर दाबते.

मला आधी इंजेक्शने आणि नंतर वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या सहा महिने दिल्या. बाळाला अंगावर पाजायला त्यांनी परवानगी दिली आणि मी पाजले. दुसऱ्या खेपेला संपूर्ण गरोदरपणात आणि नंतर सहा आठवडे रोज पोटावर इंजेक्शन घ्यावे लागले, पण सगळे नीट पार पडले.

आणखी एक गोष्ट. गौरी-गणपतीत किंवा घरातल्या लग्नात पाळी पुढे ढकलायची म्हणून बायका औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणतात. त्या गोळ्यांतल्या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारख्या घटकात बदलतो आणि गुठळीचा धोका वाढवतो. बहुतेक गर्भनिरोधक गोळ्यांतही इस्ट्रोजेन असते. ज्यांना स्वतःला किंवा आई-बहिणीला कधी गुठळी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय यांपैकी काहीही घेऊ नये. देवाचे दर्शन दोन दिवसांनी घेतले तरी चालते, हे मी माझ्या भाचीला हात जोडून सांगितले आहे.


उत्तर : गोदातीर

मला एक शंका आहे. आमच्या तालुक्याच्या गावी डॉपलर रोज होत नाही, आठवड्यातून दोन दिवस रेडिओलॉजिस्ट येतात. डी-डायमर नावाची रक्ततपासणी मात्र त्याच दिवशी होते. मग आधी ती करून, वाढलेली आली तरच डॉपलरसाठी जिल्ह्याला जावे, हे सोयीचे नाही का?


उत्तर : जुना फिजिशियन

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर रुग्णागणिक बदलते. गुठळी विरघळू लागली की तिचे जे तुकडे रक्तात उतरतात, ते डी-डायमरमध्ये मोजले जातात. एखाद्या धडधाकट माणसाची पोटरी दुखते आहे, शस्त्रक्रिया नाही, प्रवास नाही, तपासून संशयही फारसा वाटत नाही, अशा वेळी डी-डायमर न वाढलेले आले तर गुठळी नाही असे आम्ही बऱ्यापैकी खात्रीने म्हणतो. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर, कर्करोगात, जंतुसंसर्गात आणि उतारवयात ते तसेही वाढलेले असते. कृष्णाकाठ यांच्या आईचे डी-डायमर आज केले तर ते वाढलेलेच येण्याची शक्यता अधिक, आणि त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही. उलट संशय दाट असताना ते कमी आले म्हणून निर्धास्त राहणे तर सर्वांत वाईट. त्यांनी थेट डॉपलरच करावा.

डॉपलर म्हणजे काय याची भीती अनेकांना असते, म्हणून सांगतो. तीच ती सोनोग्राफी. उपाशी राहावे लागत नाही, सुई टोचत नाहीत, क्ष-किरणे नाहीत, त्यामुळे गरोदर स्त्रीलाही निर्धास्तपणे करता येते. जांघेपासून गुडघ्यामागून पोटरीपर्यंत थंडगार जेल लावून डॉक्टर यंत्राने शीर ठिकठिकाणी दाबून पाहतात. निरोगी शीर दाबली की पडद्यावर ओल्या कागदाच्या नळीसारखी चपटी होते. गुठळी असलेली शीर दाबूनही गोलच राहते. निदान मुख्यतः एवढ्यावर अवलंबून असते.

डॉपलर त्याच दिवशी होण्यासारखा नसेल आणि संशय दाट असेल, तर रक्तस्रावाचा धोका नाही हे पाहून डॉक्टर रक्त गोठू न देणारे इंजेक्शन आधी सुरू करतात आणि डॉपलर दुसऱ्या दिवशी करून घेतात. तेव्हा तुमच्या गावी यंत्र नसले तरी डॉक्टर असतील. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याला उशीर होऊ देऊ नका. आणि पहिला डॉपलर स्वच्छ आला, तरी सूज तशीच राहिली तर साधारण आठवड्याने तो पुन्हा करावा लागतो, कारण पोटरीतली लहान गुठळी त्या काळात वर सरकू शकते.


उत्तर : सॅन होजेकर

वरती छातीच्या लक्षणांबद्दल आले आहे, त्याला आमचा अनुभव जोडतो. माझे वडील ७१ वर्षांचे, नातवाच्या जन्मासाठी मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानाने आले. सोळा तासांच्या प्रवासात ते खिडकीच्या जागेवर बसले होते. शेजारच्या दोघांना सारखे उठवावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेच टाळले आणि फक्त दोनदा उठले. सहाव्या दिवशी घराचा जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबले आणि हाश-हुश करू लागले. नाशिकला रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस बारा पायऱ्यांना थांबला, हे मला खटकले. आपत्कालीन विभागात छातीचा सीटी स्कॅन केला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या, आणि नंतर पायाचा डॉपलर केला तेव्हा उगम तिथे सापडला. त्यांचा पाय सुजला नव्हता, दुखलाही नव्हता. आता आई-वडील येणार असले की मी मधल्या रांगेच्या कडेची जागा आरक्षित करतो, मग तिचे पैसे पडोत.


उत्तर : जुना फिजिशियन

तुमच्या वडिलांसारखे रुग्ण अपवाद नाहीत. साधारण निम्म्या रुग्णांच्या पायावर ठळक असे काहीच दिसत नाही. म्हणून पायाचे लक्षण नसले, तरी मागच्या काही आठवड्यांत काय घडले, हे आठवून डॉक्टरांना आपणहून सांगावे : शस्त्रक्रिया, प्लास्टर, अंथरुणावरचे आजारपण, चार तासांहून लांबचा प्रवास, कर्करोगाचे उपचार, हार्मोनच्या गोळ्या. नागपूर-पुणे रात्रीच्या बसचा प्रवासही यात धरावा.


उत्तर : पावलोपावली

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांकडे घरी जाऊन व्यायाम घेते. व्यायाम सुरू करण्याआधी मी दोन्ही पाय उघडे करून पलंगावर शेजारी शेजारी ठेवायला सांगते. साडी किंवा पायजमा वर न घेता नुसता एक पाय पाहिला, तर काही कळत नाही. डोळ्यांना फरक कळतो तो जोडीने पाहिल्यावरच. मग दोन्ही नडग्यांवर अंगठा दहा सेकंद दाबते आणि दोन्ही पोटऱ्या सैल सोडायला सांगून हळूच हातात घेते. निरोगी पोटरी झोळीसारखी डुलते, गुठळी झालेली पुष्कळदा कणकेच्या घट्ट गोळ्यासारखी लागते. शंका आली की त्या दिवशी मी व्यायाम घेत नाही, डॉपलर होईपर्यंत पायाला हात लावत नाही.

सुजलेला प्रत्येक पाय गुठळीचा नसतो, हेही खरे. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, किंवा रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी यांचा विचार आधी होतो. चालताना किंवा पायरी चुकल्यावर क्षणात पोटरीत काठी मारल्यासारखे झाले, तर बहुधा स्नायू फाटलेला असतो. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली तर पोटरी हुबेहूब गुठळीसारखी सुजते आणि दुखते; ती डॉपलरशिवाय मलाही ओळखता येत नाही. मी काही वर्षे चंद्रपूर भागात काम केले. तिथे एक पाय सुजलेला दिसला की लोक हत्तीरोग म्हणून सोडून देतात. हत्तीरोगाची सूज मात्र महिनोन् महिने, वर्षानुवर्षे वाढत जाते आणि कातडी जाड, खरबरीत होते. दोन दिवसांत आलेल्या सुजेला हत्तीरोग म्हणू नये.

कृष्णाकाठ ताई, दोन गोष्टी आजच पाहा. आईच्या गुडघ्याखाली उशी ठेवलेली असेल तर ती काढा. तिथे उशी ठेवली की बरे वाटते, पण गुडघा वाकडा आखडतो आणि मागची शीर दाबली जाते. पाय उंच ठेवायचा तो टाचेखाली आणि पोटरीखाली आधार देऊन, गुडघा सरळ राहील असा. पाऊल वर ओढणे आणि खाली ढकलणे हा व्यायाम दुसऱ्या, न सुजलेल्या पायाने दर तासाला वीस वेळा करायला हरकत नाही. सुजलेल्या पायाचे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.


प्रश्नकर्तीचे पुढील निवेदन : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी मी मोजपट्टीने मोजले तेव्हा उजवी पोटरी ३८.५ आणि डावी ३४ सेंटिमीटर भरली. हा आकडा फोनवर सांगितल्याबरोबर डॉक्टरांनी लगेच डॉपलरला पाठवले. गुडघ्यामागच्या शिरेत आणि तिच्या खालच्या एका शाखेत गुठळी निघाली. शिरा दाबून पाहताना मी पडद्याकडे बघत होते. मांडीतली शीर खरोखरच चपटी होत होती आणि गुडघ्यामागची होत नव्हती. छाती साफ आहे, दम नाही. मूत्रपिंडाची आणि यकृताची रक्ततपासणी करून रिव्हरॉक्साबानच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि घरीच राहायला परवानगी दिली आहे. मावशी हे सगळे ऐकून रडायलाच लागली. काल संध्याकाळी आपण चोळले असते तर, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आईने आता चालावे की पडून राहावे? गोळीने गुठळी किती दिवसांत विरघळेल? आणि मेथी-पालक बंद करा असे शेजारच्यांनी सांगितले आहे, ते खरे आहे का?


उत्तर : जुना फिजिशियन

वेळेत निदान झाले, याचे फार समाधान वाटले. मावशींना माझ्या वतीने सांगा की त्यांनी मायेनेच सांगितले होते, आणि पुढचे तीन महिने त्यांची मदत लागणार आहे.

औषध सुरू झाल्यावर चालायला हरकत नाही, उलट चालावे. गुडघ्याच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे. चालल्याने गुठळी सुटते ही भीती औषध सुरू झालेल्या रुग्णाने बाळगू नये. मालिश मात्र या पायाला तीन महिने नको. ही गोळी गुठळी विरघळवत नाही. ती गुठळीला वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. असलेली गुठळी शरीर स्वतः हळूहळू मुरवते आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे सूज आठ दिवसांत गेली नाही म्हणून घाबरू नका आणि आठ दिवसांत गेली म्हणून गोळी थांबवू नका. हिरव्या पालेभाज्यांचे बंधन वॉर्फरिन घेणाऱ्यांना असते, आणि त्यांनीही भाजी बंद करायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. आईंनी मेथी, पालक, शेपू, अळू सगळे खावे.

रिव्हरॉक्साबान पहिले २१ दिवस दिवसातून दोनदा आणि २२ व्या दिवसापासून एकदा, असे बदलते, आणि या मात्रेत ती जेवणाबरोबरच घ्यायची असते. रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. मात्रा बदलण्याची तारीख दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवा. गुडघा दुखला तरी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके दुकानातून आणू नका, पॅरासिटामॉल चालते. शौचास काळे झाले, लघवीतून रक्त गेले, नाकातले रक्त थांबेना, किंवा आई पडून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी लगेच दवाखान्यात न्या. दात काढायचा असला तरी आधी या गोळीचे नाव सांगा.

डावा पायही रोज सकाळी उजव्याबरोबर मोजत चला. आणि गोळ्यांचे पाकीट संपायच्या आठवडाभर आधी दुसरे घरात आणून ठेवा. साताऱ्यात ही गोळी मिळते, पण सणासुदीला किंवा सुट्टीच्या दिवशी दुकानात ती नसेल, तर एका दिवसाचाही खंड पडता कामा नये.